‘कन्फाइन्ड’ म्हणजे काय?

१

टाकी नंबर तीनचं झाकण उघडलं तेव्हा हिरामण तळाशी पडलेला नव्हता. शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीला हाताचा वेढा घालून तो गुदमरून तसाच लटकून राहिला होता, आणि दुसऱ्या मुठीत गाळ खरवडायची लोखंडी पट्टी होती. म्हणजे गडी वरपर्यंत चढला होता, झाकणाला पोचला होता. पण झाकण बाहेरून बोल्ट आवळून बंद होतं.

बोल्ट आवळले होते कोंडाजीनं. त्यानं ते कधी नाकारलं नाही. आणि हिरामण कोण, तर कोंडाजीच्या धाकट्या बहिणीचा, पुतळीचा नवरा. आता बोला!

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालातली, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीतली. तिथल्या टाक्या साफ करायला बारवी धरणाकडच्या पाड्यांवरची माणसं यायची. त्यांची आपली एक रीत होती. टाकीत अनवाणी उतरायचं, चपला तोंडाशी सोडायच्या, आणि त्या चपला दिसतायत तोवर झाकणाला कुणी हात लावायचा नाही. हा नियम कंपनीनं केलेला नव्हता. पाड्यावरच्या माणसांनी आपापसात ठरवला होता, म्हणून तर तो पाळला जायचा.

त्या दिवशी परदेशातली माल घेणारी पार्टी कारखाना बघायला यायची होती. हिरामण टाकीत होता आणि कोंडाजी वर, तोंडाशी राखणीला. सुपरवायझर हिंदुराव आले आणि कोंडाजीला म्हणाले, कँटीनमधून पाहुण्यांसाठी चहाची किटली घेऊन ये. कोंडाजी गेला. परत आला तो झाकण तोंडावर बसवलेलं, आणि चपला नाहीत. हिरामण काम उरकून वर आला, असंच कुणालाही वाटलं असतं. झाकण ढिलं राहिलं तर रंगाची वाफ बाहेर येते, म्हणून त्यानं बोल्ट आवळले. तेवढ्यात गेटवर हारतुऱ्यांसाठी माणूस हवा म्हणून हाक आली, आणि तो तिकडं पळाला.

पण पाहुणे गेल्यावर टाकी उघडली, तेव्हा हिरामणच्या चपला तोंडाशीच होत्या. सगळ्या कारखान्यानं त्या पाहिल्या.

“मी आवळलं तेव्हा नव्हत्या त्या तिथं,” कोंडाजी सांगत राहिला. कोण ऐकतो? हिंदुराव म्हणाले, मी ह्याला बजावून सांगितलं होतं, आधी हिरामणला वर काढ आणि मग जा. त्यात आठवड्यापूर्वी हिरामणनं पुतळीवर हात उचलला होता, आणि कोंडाजीनं भर पाड्यात त्याची कॉलर धरली होती. ते कुणी विसरलं नव्हतं. मग कुजबुज सुरू झाली की चूक कसली, ह्यानं जाणूनबुजून केलं.

पोलिसांनी त्याला बसवून ठेवलं, मग रोज हजेरी लावायच्या बोलीवर सोडलं. सुटल्यावर तो आधी बहिणीकडं गेला. पुतळीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, आणि आतून कडी घातली.

२

कंपनीनं त्याला कामावरून काढलं नाही आणि कामही दिलं नाही. चौकशी शनिवारी आहे, तोवर रोज यायचं आणि गेटजवळच्या बाकावर बसायचं, असा हुकूम निघाला. समोरून ओळखीची माणसं जायची आणि नजर चुकवायची. उठून जायची सोय नाही, बसवतही नाही. शनिवारी दोष लागला की नोकरी जाणार आणि पोलिसांना आयता साक्षीपुरावा मिळणार, हे त्याला ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर तुरुंगाची त्याला तितकी भीती नव्हती. पुतळी आयुष्यभर आपल्याला नवऱ्याचा खुनी समजणार, ह्या एका विचारानं त्याला घास गिळवत नव्हता.

बुधवारी मॅनेजर महिपती साहेबांनी त्याला हाक मारली. रंगाचे डबे धर, मास्तरांबरोबर फिर, म्हणाले.

मास्तर म्हणजे दिनानाथ मास्तर. राहायला बदलापूर गावात, आणि सगळी हयात उल्हासनगरच्या कॅम्पात इंग्रजी शिकवण्यात गेलेली. सिंधी पोरांना शिकवून शिकवून बोलण्यात ‘साईं’ घुसलं ते रिटायर झाल्यावरही निघालं नव्हतं. अंगानं भरलेले, चालताना धाप लागायची, पण जिभेला धाप माहीत नव्हती. अपघात झाल्यावर वरून हुकूम आला होता की कारखान्यातले सगळे इंग्रजी बोर्ड मराठीत करा. त्यासाठी मास्तरांना आणलं होतं.

टाकी नंबर तीनच्या जिन्याशी ते थांबले. तिथं लाल अक्षरांत कोरा करकरीत बोर्ड होता. मास्तरांनी मोठ्यानं वाचला, “कन्फाइन्ड स्पेस. हा कधी लावला रे?”

“पार्टी यायच्या आदल्या दिशी,” कोंडाजी म्हणाला.

“म्हणजे पाहुण्यांना वाचायला. उतरणाऱ्यांना नाही.” मास्तर नाकातून हसले. “तुला अर्थ सांगितला का कुणी?”

कोंडाजीनं नाही म्हणून मान हलवली. मग मास्तर पायरीवर बसले आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला. ते म्हणाले, डिक्शनरी बघून ‘बंदिस्त’ असं कुणीही लिहील, पण शब्द वापरात कळतो. अरुंद जागेला हा शब्द असायलाच पाहिजे असं नाही, जागा मोठीही असेल. नुसतं बंद असलेल्यालाही नाही, दार उघडंही असेल. आजारी माणूस खाटेवरून उठू शकत नाही, तो कन्फाइन्ड. शिपायाला शिक्षा म्हणून छावणीबाहेर जायची बंदी, तोही. जुन्या इंग्रजीत बाळंतपणाच्या खोलीतल्या बाईलाही हाच शब्द. “सगळ्यात एक गोष्ट सारखी. एक हद्द असते, आणि ती ओलांडणं आत असलेल्याच्या हातात नसतं. दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतं.”

कोंडाजीनं गेटजवळच्या बाकाकडं पाहिलं. मग म्हणाला, “मास्तर, मग तो बाकावर बसलेला मीसुद्धा तोच.”

मास्तरांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. इतका वेळ ते त्याला डबे धरणारा समजत होते. “तूच का तो, बोल्ट आवळणारा?” त्यांनी विचारलं, आणि सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायला लावली. ऐकून झाल्यावर म्हणाले, “तू खरं बोलत असशील, तर त्या चपला कुणीतरी उचलल्या आणि पुन्हा आणून ठेवल्या. कोण ते शोधायचं, तर मला एक निमित्त आहे. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारणार.”

३

मास्तरांची वर्गात शिकवायची पद्धत होती. शब्द सांगायचा आणि प्रत्येकानं त्याचं एक वाक्य करायचं, पण स्वतःच्या आयुष्यातलं. पुस्तकातलं वाक्य केलं की बाकावर उभं राहायचं. तीच पद्धत त्यांनी कारखान्यात चालवली. बोर्डाला चांगला मराठी शब्द सापडत नाही, जरा मदत करा, असं म्हणत ते एकेकाला गाठत सुटले. मागं रंगाचा डबा घेऊन कोंडाजी. डबेवाल्याकडं कोण बघतंय?

महिपती साहेबांनी घड्याळाकडं बघत उत्तर दिलं. कन्फाइन्ड म्हणजे रिस्ट्रिक्टेड एन्ट्री, परवानगीशिवाय आत जायचं नाही, एवढंच. तुम्ही ‘प्रवेश निषिद्ध’ लिहा आणि मोकळे व्हा. मास्तर म्हणाले, ते तर बाहेरच्याला सांगणं झालं, आतल्याचं काय? साहेबांना ते आवडलं नाही. स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य मागितलं तर म्हणाले, माझ्या आयुष्यात असं काही नाही. त्या दिवशी आपण पाहुण्यांबरोबर खाली बोर्डासमोरच उभे होतो, जिन्याची पायरीसुद्धा चढलो नाही, हे मात्र त्यांनी न विचारता सांगितलं. ते खरंही होतं, गेटवरच्या माणसांनी त्यांना तिथंच पाहिलं होतं.

हिंदुराव मूळचे कराडकडचे. माणूस तसा दिलदार, कुणाच्या घरी मयत झाली की सगळ्यात आधी हजर. ह्या अपघातापासून मात्र त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी मास्तरांना चहा पाजला आणि पाहुण्यांच्या गडबडीचं सगळं पुराण सांगितलं: हार उशिरा आले, नळ गेले, आपण बॉयलरपाशी अडकलो, कोंडाजीला कँटीनला धाडल्यावर तीन नंबरकडं पुन्हा फिरकायलाही वेळ मिळाला नाही. मग शब्दावर आले.

“आता कन्फाइन म्हंजे कसं बघा मास्तर. आत मानूस वरडला तरी भाईर आवाज न्हाई येत. ठोका येतो. त्योबी कानाला न्हाई, कठड्यावर हात असंल तर हाताला. अशी जागा म्हंजे कन्फाइन.” मग त्यांनी पुन्हा चहा मागवला, आणि हल्ली झोप नीट लागत नाही म्हणाले.

उरला धर्मराज. हिरामणच्या जागी कायम झालेला तोच, आणि टाकीचं झाकण उघडणाराही तोच. त्याआधी बरीच वर्षं तो बदली कामगार होता, कायम होण्यासाठी जागा एकच होती, आणि ती हिरामणला मिळाल्यावर त्यानं शिव्या घातल्या होत्या. त्याला शब्द विचारला तर आधी म्हणाला, “कन्फर्म ना? झालो की गेल्या सोमवारी.” मास्तरांनी समजावून दिल्यावर त्याचं हसू मावळलं. थोडा विचार करून तो म्हणाला, “आत उतरलं की वरचं आभाळ ताटलीएवढं दिसतं. ते दिसतंय तोवर भीती नाय वाटत. बाकी मला नका विचारू.” आणि तरातरा निघून गेला.

“हाच हाय,” कोंडाजी दबक्या आवाजात म्हणाला. “त्या दिशी मी कँटीनपाशी किटली भरून घेत होतो तवा हा जिन्याकडनं येताना दिसला होता मला. जागा पायजे होती ह्याला.”

मास्तर वर, टाकीच्या कठड्याकडं बघत होते. मग त्यांनी कोंडाजीच्या हातातला डबा काढून खाली ठेवला.

“उद्या जेवणाच्या सुट्टीत मला त्या टाकीत उतरव,” ते म्हणाले. “आणि वरून झाकण लाव.”

४

कोंडाजीनं साफ नकार दिला. टाकी धुतलेली, हवा मारून कोरडी केलेली होती, धोका असा नव्हता. पण ज्या हातांनी एकदा बोल्ट आवळले आणि माणूस मेला, त्याच हातांनी पुन्हा? मास्तर म्हणाले, “मी न पाहिलेल्या शब्दाचं भाषांतर करत नाही. आणि शनिवारी तुझ्या बाजूनं बोलायला माझ्याकडं काहीतरी हवं ना, साईं?” तेव्हा कुठं तो कबूल झाला.

गुरुवारी दुपारी सगळे जेवणाचे डबे सोडून बसले तेव्हा दोघं वर चढले. शेजारच्या टाकीतलं ढवळायचं यंत्र नेहमीसारखं घरघरत होतं. टाकीचं तोंड बघूनच मास्तरांना घाम फुटला. वर सपाट लोखंडी पत्रा, त्यालाच जोडलेला कठडा, मधोमध गोल भोक, आणि भोकाच्या कडेला आत उतरणारी शिडी. कोंडाजीनं दाखवलं तसे ते भोकाकडं पाठ करून उभे राहिले, चपला पायांतून सोडल्या, आणि कठडा धरून एकेक पाय मागं टाकत खाली गेले. एवढा भरलेला माणूस त्या भोकातून कसाबसा आत गेला.

“लाव,” आतून घुमल्यासारखा आवाज आला. “आणि दोन बोल्ट टेकव. मग मी ओरडेन.”

त्यानं झाकण सरकवलं, दोन बोल्ट हातानंच फिरवले आणि वाट बघत राहिला. काहीच ऐकू येईना. फक्त शेजारची घरघर. मास्तर ओरडतायत की गप्प आहेत? शुद्धीवर तरी आहेत का? त्यानं झाकणाला कान लावला, पण लोखंड नुसतं गुणगुणत होतं. त्याच्या डोळ्यांपुढं शिडीला लटकलेला हिरामण आला. आधाराला त्यानं कठडा धरला.

आणि तेव्हा ते कळलं. कठड्यातून हाताच्या तळव्याला टक, टक, टक असं काहीतरी येत होतं. कानाला नाही. हाताला.

त्यानं धडपडत बोल्ट काढले, झाकण ढकललं. मास्तर घामानं निथळत वर आले, चेहरा पांढराफटक. त्यांनी आत घसा फाटेस्तोवर आरोळ्या ठोकल्या होत्या, मग कोंडाजीच्या बापाचंही नाव घेतलं होतं, आणि शेवटी किल्ल्यांच्या जुडग्यानं शिडीवर ठोकत बसले होते.

“काय ऐकलंस?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“ऐकलं नाय काय,” कोंडाजी म्हणाला. “हाताला लागलं.” आणि बोलता बोलता तो थांबला. हे वाक्य त्यानं कालच कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. ते तोंड आठवलं आणि तो नाव घ्यायला गेला.

मास्तरांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. “आत्ता कुणाला नाव सांगू नकोस. माझ्या चपला बघ आधी.”

चपला तोंडाशी होत्या, जशा सोडल्या तशा. त्यांचे अंगठे भोकाच्या उलट दिशेला, जिन्याकडं होते.

“टाकीत उतरणारा माणूस पाठमोरा उतरतो,” मास्तर म्हणाले. “त्याच्या चपला अशाच राहणार. आता मला हे सांग, हिरामणच्या चपला शेवटी कुणी उचलल्या?”

५

त्या उचलल्या होत्या बनूबाईनं. ती कारखान्यात झाडलोट करायची. प्रेत खाली काढताना कोंडाजीला खालीच धरून ठेवलं होतं, त्यामुळं चपला कशा पडल्या होत्या हे त्याला दिसलंच नव्हतं. बनूबाईनं मात्र त्या पदरात गुंडाळून पुतळीला नेऊन दिल्या होत्या.

मास्तरांनी तिला सरळ विचारलं. ती आधी घाबरली. नोकरीचं काय, म्हणाली. मग कोंडाजीकडं बघून तिला राहवलं नाही. ती म्हणाली, देवळाबाहेर काढतात तशा नीट जोडून ठेवल्या होत्या, अंगठे भोकाकडं करून. मला वाटलं पोराला मरणाची चाहूल लागली असेल, म्हणून देवाला निघाल्यासारख्या सोडल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

कोंडाजीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला, आणि लगेच अडकला. खरं काय ते कळलं, पण ते बोलायचं कुणासमोर? चौकशीला बसणार महिपती साहेब आणि हिंदुराव. ज्यांच्याकडं दाद मागायची, तेच ते.

“शनिवारी मला बोर्डाचा मजकूर दाखवायला बोलावलंय,” मास्तर म्हणाले. “बनूबाई, तुम्हीही या. झाडू घेऊनच या, कुणी अडवणार नाही.”

६

चौकशी मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. टेबलामागं महिपती साहेब, बाजूला हिंदुराव, साक्षीला धर्मराज, आणि दाराशी उभा कोंडाजी. त्याला खुर्ची देण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही. बनूबाई कोपऱ्यात उगाच केर काढत राहिली. साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं की हे फार लांबवायचं नाही. मग मास्तरांनी, बोर्डाचं वाचायचं म्हणून, बोलायला सुरुवात केली.

ते म्हणाले, मी तुम्हा तिघांना एकाच शब्दाचा अर्थ विचारला. साहेबांनी बाहेरून सांगितला, कारण ते टाकीच्या वर कधी गेलेच नाहीत. धर्मराजनं आतून सांगितला, वर ताटलीएवढं आभाळ दिसतं असा. म्हणजे तो उघड्या टाकीतच उतरलेला आहे. आता चपलांचं बघू. कोंडाजी म्हणतो त्या नव्हत्या, आणि नंतर सगळ्यांनी पाहिल्या. कुणीतरी त्या परत ठेवल्या, आणि ठेवताना अंगठे भोकाकडं केले. हे बनूबाईनं पाहिलंय. टाकीत उतरलेला कुठलाही माणूस तसं करणार नाही, त्याचा हातच तसा वळणार नाही. धर्मराज वर्षानुवर्षं उतरतोय. म्हणून तो नाही.

धर्मराजनं मान वर केली. त्या दिवशी आपण हिरामणला तंबाखू द्यायला वर गेलो होतो, आणि हे सांगितलं तर आपल्यावरच येईल म्हणून गप्प राहिलो, असं तो हळूच म्हणाला. आपण खाली उतरलो तेव्हा चपला जागेवर होत्या आणि झाकण उघडं होतं.

“म्हणजे कोंडाजी किटली घेऊन पोचेपर्यंत कुणीतरी तिसरा वर गेला,” मास्तर म्हणाले. “जो वर जातो, पण आत कधी उतरलेला नाही. आणि हिंदुराव, तुम्ही मला सांगितलंत की आत माणूस असला तर ठोका कानाला येत नाही, हाताला येतो. मी आत जाऊन पाहिलं, अगदी खरं आहे. पण चपला असताना इथं झाकण कुणी लावत नाही. झाकण बंद, आत जिवंत माणूस आणि बाहेर कठड्यावर कुणाचा तरी हात, हे ह्या कारखान्यात गुरुवारच्या आधी एकदाच घडलं. हा अर्थ तुम्ही कुठं शिकलात?”

हिंदुरावांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. ते त्यांनी मागं घेतले.

“मारायचा न्हवता मला त्याला,” ते म्हणाले. मग सगळं बाहेर आलं. पार्टी ठरल्याआधी येऊन थडकली. मास्क नाही, दोरी नाही, उघड्याबोडक्या माणसाला टाकीत उतरवलेलं दिसलं असतं तर ऑर्डर गेली असती. हिंदुरावांनी आत वाकून हिरामणला सांगितलं, पाहुणे जाईपर्यंत गप बस. चपला उचलून गोणपाटाखाली सारल्या आणि झाकण नुसतं वर ठेवलं. पाहुणे बॉयलरकडं वळले की काढू, हा बेत. पण ते परत वर आले तो बोल्ट आवळलेले. खाली पाहुणे बोर्ड वाचत उभे, साहेब त्यांना सुरक्षेचं समजावतायत. “हाताला ठोकं लागत हुतं. वाटलं, आता जातील, आता जातील. त्यास्नी तो बोर्ड लई आवडला. हलंनातच. मग ठोकं थांबलं.” चपला परत ठेवल्या तेव्हा आपले हात आपले राहिले नव्हते, एवढंच म्हणाले.

कोंडाजी दाराशी खिळून उभा होता. त्याला हिंदुरावांचा गळा धरावासा वाटला आणि त्याच वेळी त्यांची दयाही आली, आणि आपल्याला दया यावी ह्याचा रागही आला. त्यांनी ऐकलेले ठोके शेवटी त्यानं आवळलेल्या बोल्टांच्या आतलेच होते.

सगळ्यात आधी सावरले महिपती साहेब. ते उठले, केबिनचं दार लावलं, आणि अगदी मऊ आवाजात मास्तरांना म्हणाले, “मास्तर, लेट धिस मॅटर बी कन्फाइन्ड टू धिस रूम. कोंडाजीला आपण निर्दोष ठरवू. बाहेर काही जायला नको.”

मास्तरांनी चष्मा पुसला. “साहेब, त्या दिवशी तुम्ही मला चुकीचा अर्थ सांगितलात,” ते म्हणाले. “शब्द तुम्हाला उत्तम येतो.”

आणि त्यांनी दार उघडलं. हिंदुराव उठले, कुणी न सांगता त्यांच्या मागोमाग पोलीस चौकीकडं निघाले. धर्मराजही गेला, साक्षीला.

७

त्या संध्याकाळी कोंडाजी पाड्यावर गेला. वाटेत त्यानं वाक्यं जुळवली आणि मोडली. दारात उभा राहून त्यानं हाक मारली, आणि कडी निघेपर्यंत तिथंच बोलायला सुरुवात केली. चपला कुणी उचलल्या, झाकण कुणी ठेवलं, ठोके कुणी ऐकले. सगळं सांगितलं. स्वतःचंही लपवलं नाही. बोल्ट मीच आवळले, पुतळे, आणि हिरामण कुठं गेला ते मी कुणाला विचारलं नाय, कारण मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं. विचारलं असतं तर जगला असता. हे तुला दुसऱ्यानं सांगण्यापरीस मीच सांगतो.

आतून कडी निघाली. पुतळी उंबऱ्यात उभी होती, डोळे कोरडे, गालफडं बसलेली.

“म्हणजे तू मुद्दाम नाय केलंस,” ती म्हणाली.

“नाय गं.”

“माझ्यासाठी नाय केलंस.”

त्याला कळेना ती काय विचारतेय. मग ती सांगायला लागली, अडखळत. नवऱ्यानं मारल्याचं तिनंच भावाला सांगितलं होतं. त्याच्यावरून भावानं कॉलर धरली आणि आठवड्यात नवरा मेला. मग लोक म्हणायला लागले, बहिणीपायी मारला. तिला वाटलं, दादानं केलं असेल तर ते माझ्या सांगण्यावरून केलं. झाकण त्यानं लावलं, पण माणूस मी मारला. त्या दिवसापासून ती दार लावून बसली होती ते भावावर रागावून नव्हे. त्याला तोंड दाखवायची तिला लाज वाटत होती.

“लोक रडायला आले, मला रडता येईना दादा,” ती म्हणाली. “मीच मारला आणि मीच कशी रडू?”

कोंडाजीनं तिचा हात धरला. ती उंबऱ्यातच खाली बसली, आणि मेलेल्या नवऱ्यासाठी पहिल्यांदा मोठ्यानं रडली. आजूबाजूच्या घरांतून बायका बाहेर आल्या. त्यानं त्यांना हातानंच थांबवलं आणि तिला पोटभर रडू दिलं.